टिचकीमामांचा जोडीचा पेला

जुन्या काचेच्या बाजारात त्यांना सगळे टिचकीमामा म्हणत. खरं नाव बहुधा पोस्टमनलाच ठाऊक असावं. जुना जर्मन वाइनचा पेला हाती आला की मामा तो दांडीला धरत, कानाजवळ नेत आणि कडेला नखाने हलकी टिचकी मारत. काच अखंड असली तर बारीक, लांबलचक नाद निघे. केसाएवढी चीर असली तरी आवाज बद्द. मामांनी मान डोलावली की लोक डोळे मिटून पेला घेत, नाक मुरडलं की त्याला दिवसभर कोणी हुंगत नसे. तीस वर्षांत हा कान चुकला नव्हता. मामांना त्याचा गर्व होता, तोही थोडाथोडका नव्हे.

गेले सहा महिने मात्र मामांची एकच कुरकुर होती, की हल्ली सगळा माल फुटका येतो. दहा पेले वाजवावेत तर नऊ बद्द. घरी दाराची घंटा वाजेना म्हणून त्यांनी तिची बॅटरी दोनदा बदलली आणि बॅटरीवाल्याशी भांडूनही आले.

त्या सकाळी एका बंद पडलेल्या हॉटेलच्या बारचं सामान मोठ्या हॉलमध्ये विकायला मांडलं होतं. झाकणाचे बिअरचे मग, बर्फाचे चिमटे, बूच काढायचे स्क्रू, कापीव काचेच्या सुरया. मामी पलीकडच्या टेबलापाशी रद्दी घेऊन गुंडाळायच्या तयारीत बसल्या होत्या. मामांनी एका खोक्यात हात घातला आणि एक पेला बाहेर काढला.

हिरवी पोकळ दांडी, तिच्यावर तुतीच्या फळासारखे काचेचे नऊ टपोरे थेंब, वर बिनरंगी गोल वाटी. असे दोन पेले मामांनी लग्नानंतर पहिल्या कमाईतून मामींसाठी घेतले होते. तेवीस वर्षांपूर्वी घर बदलताना, मामी नको म्हणत असताना, घाईघाईत त्यांनी ते एकात एक घातले. काचेच्या धंद्यात पोरंसोरंही हे करत नाहीत. एक फुटला. मामी एका शब्दाने बोलल्या नाहीत. उरलेला त्यांनी फळीवर ठेवला, शेजारी तेवढीच जागा मोकळी सोडली आणि दर रविवारी पेल्यासोबत ती मोकळी जागाही पुसत आल्या. बोलल्या असत्या तर परवडलं असतं, असं मामांना तेवीस वर्षं वाटत होतं.

त्यांनी पेला उलटा केला. तळाशी भट्टीतली सळई मोडून काढल्याचा खडबडीत व्रण होता, हाताने फुंकलेल्या काचेची खूण. बूड टेबलांवर घासून घासून धूसर झालं होतं. खोटं काही नव्हतं. राहिली फक्त टिचकी.

एवढ्यात बाजारातलाच दुसरा घेणारा, दुचष्मी, शेजारी येऊन उभा राहिला. एक चष्मा नाकावर, एक कपाळावर, म्हणून दुचष्मी. बाजाराचा एक जुना नियम होता: पेला हातात आहे तोवर तो हातवाल्याचा, टेबलावर ठेवला की जो उचलेल त्याचा. दुचष्मीने टेबलाच्या कडेला हात टेकवून ठेवला होता, तळवा वर करून.

मामांनी टिचकी मारली. टक्. नाद नाही. पुन्हा मारली. टक्.  म्हणजे हाही फुटकाच. इतक्या वर्षांनी तिच्या फळीवर चिरलेला पेला कोणत्या तोंडाने ठेवायचा? पेला हळूहळू टेबलाकडे जाऊ लागला. दुचष्मीची बोटं हलली.

तेवढ्यात समोरच्या टेबलावर एका बाईने सुरईवर चमचा आपटला. हॉलमधल्या सगळ्या माना गर्रकन तिकडे वळल्या. दोघे-तिघे वा म्हणाले. मामांना वा ऐकू आलं. नाद ऐकू आला नाही.

 माणसांचं बोलणं ऐकू येत होतं, बारीक सूर तेवढे गेले होते. नाचता येईना अंगण वाकडं, अशी गत. माल फुटका नव्हताच. सहा महिने त्यांनी धडधाकट पेले टाकले होते आणि त्यांच्या मागोमाग दुचष्मी ते मुकाट्याने उचलत होता. ह्याला कधीच कळलं होतं.

"काय मामा, बोलला का पेला?" दुचष्मीने विचारलं.

मामांनी पेला टेबलापासून पुन्हा वर उचलला. गप्प राहिलं तर झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मग पेला अखंड की फुटका, हे कळणार कसं? न तपासता नेला आणि घरी मामींनी वाजवून पाहिला तर? एकदा त्यांच्याच घाईने फुटला होता. दुसऱ्यांदा अंदाजाने काही करायची त्यांची हिंमत नव्हती.

पेला छातीशी धरून ते हॉल ओलांडून गेले. दुचष्मी दोन पावलं मागे होताच. मामींनी पेला पाहिला आणि त्यांच्या हातातली रद्दी खाली पडली.

"तू वाजव," मामा म्हणाले. "मला ऐकू येत नाही."

स्वतःच्या आवाजाचा त्यांना अंदाज राहिला नव्हता. सगळ्या हॉलने ऐकलं. दोन टेबलांवरचे लोक हातातलं काम सोडून बघत राहिले. मामांना लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती.

मामींनी पेला घेतला, टिचकी मारली. मामा त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावर काहीच दिसेना. मग मामींनी पेला परत त्यांच्या एका हातात दिला, दुसऱ्या हाताचं बोट धरून पेल्याच्या बुडाला टेकवलं आणि पुन्हा टिचकी मारली. बोटाच्या टोकाशी काच थरथरली, बराच वेळ थरथरत राहिली.

"बोलला," मामी म्हणाल्या.

मामांना डोळे पुसायचे होते, पण एका हातात पेला होता आणि दुसऱ्या हाताचं बोट त्यांना तिथून काढवेना. दुचष्मीने हात खिशात घातला आणि दोन्ही चष्मे सांभाळत निघून गेला.

मामींनी गुंडाळायला रद्दी पुढे केली. मामांनी नको म्हणून मान हलवली. फळीवरच्या त्या मोकळ्या जागेपाशी पोचेपर्यंत त्यांनी पेला हातातून खाली ठेवला नाही.