जॅक आडवा, गाडी वर

या सदरातले अनुभव मी आजवर बायकोला वाचून दाखवत हसत आलोय. भूतखेत, साक्षात्कार... आपला विश्वास नव्हता, आजही नाही. तरी हे लिहितोय, कारण इतकी वर्षं मनात ठेवून दमलोय.

साल शहाण्णव, ऑक्टोबरातला रविवार. मी बेलापूरला सरकारी ऑफिसात क्लार्क, राहायला घणसोलीत. शेजारचा इम्तियाज माझा मित्र, मूळचा उरणकडचा. आखातातून परतल्यावर त्याने हौसेने एक जुनी लाल स्पोर्ट्स कार घेतली होती — दोन सीटची, मुळातच बुटकी. त्यात या पठ्ठ्याने स्प्रिंगा कापून ती आणखी खाली बसवली. खालून जेमतेम चार बोटं जागा. सायलेन्सर सुटला, तेव्हा खाली जॅकच जाईना.

"सुध्या, चपटा ट्रॉली जॅक बघ ना कुठे मिळतो," तो म्हणाला. आठवडाभर फायली उपसून मी आधीच थकलेलो. तरी निघालो.

कोपरखैरणे, वाशी, तुर्भे... सगळीकडचे जॅक उंच. तुर्भ्याला ट्रकच्या गॅरेजातले एक आगरी काका तर हसलेच, "आरं, ती गारी हाय का पाट?"

त्यांच्या रेडिओवर मॅचची कॉमेंट्री चालू होती. लंच झाल्याचं सांगितलं आणि त्याच क्षणी माझ्या खांद्यांवर कोणीतरी सिमेंटची गोणी टाकावी तसं वजन आलं. हात रिकामे, पण दंड थरथरायला लागले. काकांनी स्टूल दिलं, पाणी दिलं. "ऊन लागलाय तुला. घरा जा." मलाही तेच वाटलं.

रिक्षाने परत यायला अर्धा तास लागला. वजन उतरलं नव्हतं.

गाडीखालून इम्तियाजचे पाय दिसत होते, बाजूला ट्रान्झिस्टरवर तीच मॅच चालू. वाट बघून कंटाळून त्याने चाक फळ्यांवर चढवलं होतं आणि घरचा जुना जॅक आत सरकवला होता. तो जॅक आता आडवा पडला होता, फळ्या बाजूला निसटलेल्या. आणि गाडीची डावी बाजू तशीच वर... चाक वीतभर अधांतरी. मी वाकून दोनदा बघितलं. खाली काहीही नव्हतं.

"इम्तियाज," मी हळूच म्हटलं, "पाना ठेव. बाहेर ये."

"दोनच नट राहिलेत रे..."

"बाहेर ये म्हणतो ना!"

तो कुरकुरत सरपटत बाहेर आला. उभा राहिला, कपडे झटकले — आणि गाडी धाडकन खाली बसली. आत राहिलेल्या टॉर्चचा चुरा झाला.

आम्ही दोघं तिथेच जमिनीवर बसलो. तो म्हणाला, "लंच झाला ना, तेव्हा एक झटका बसला होता. मला वाटलं, फळी बसली असेल."

मी खांदे चोळत होतो. गाडी खाली बसली, तेव्हाच वजन उतरलं होतं.

पुढे आठ दिवस मला केस विंचरायलाही हात वर नेता येईना. डॉक्टरांनी विचारलं, "एवढं काय उचललंत?" मी म्हटलं, "काही नाही." शेवटी इम्तियाजला खांद्यांचं सांगितलं. त्याने घरी जाऊन आईला सांगितलं.

गाडी त्याने विकून टाकली. त्याची आई मात्र दर ईदला पहिला डबा माझ्याकडे पाठवते. मी तो घेतो. कशाबद्दल घेतो, ते मला आजही सांगता येणार नाही.