हा दरवाजा नाही

जर्मनीतल्या बॉबलिंगेन गावच्या आमच्या ऑफिसात कँटीनबाहेरची भिंत रंगवायला एक इटालियन चित्रकार आला होता. साठीचा असेल. बोलायला लागला की ब्रश कानावर खोचायचा, त्यामुळे त्याचा एक कान कायम हिरवा. त्याचे आजोबा गावातल्या घरांवर खोट्या खिडक्या रंगवायचे. तो तेच शिकला आणि पुढे नाटकांचे पडदे रंगवत जर्मनीत पोचला.

"इटलीत कोरी भिंतच उरली नाहीये," तो मला म्हणाला.

आठवडाभरात त्यानं भिंतीवर एक दरवाजा काढला. तो इतका खरा वाटत होता की सुरक्षा अधिकारी वही घेऊन हजर झाले.

"हा कुठे उघडतो?"

"आत," चित्रकार गंभीरपणे म्हणाला.

"हे बघा, आग लागली तर लोक इकडेच धावतील. पुसून टाका!"

मला फार वाईट वाटलं. मी मध्ये पडले, बरीच हुज्जत घातली. शेवटी चित्राशेजारी पाटी लागली : 'हा दरवाजा नाही.'

चित्रकार पाटीसमोर बराच वेळ उभा होता. मग डोळे पुसत म्हणाला, "चाळीस वर्षांत माझ्या कामाबद्दल इतकं चांगलं कुणी लिहिलं नव्हतं."

तो गेला. पाटी वाचून लोक हल्ली भिंत हळूच ढकलून बघतात. काल मीही बघितली.