अर्धा कोयता

आमच्या सेनगाव तालुक्यातल्या गावाला लोकसंख्या दोन. एक पोळ्याची, एक संक्रांतीची. पोळ्याला गाव भरलेलं असायचं. संक्रांतीला उरायचे म्हातारे, लेकरं आणि कुत्री. धडधाकट माणसं सगळी ऊसतोडीला गेलेली. वाण द्यायला सुनाच सापडायच्या नाहीत, म्हणून म्हाताऱ्या एकमेकींना हळदीकुंकू लावायच्या आणि पोरींसारख्या खिदळायच्या. ते रिकामं गाव मला फार आवडायचं, अजून आठवतं. सगळ्या गल्ल्या आम्हा लेकरांच्या. पाडव्याच्या सुमारास ट्रकचा आवाज आला की आम्ही अनवाणी पांदीकडे पळायचो आणि उतरणाऱ्या प्रत्येक बाईत आपापली माय शोधायचो.

ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता: तो तोडणार, ती मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवणार. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि आमच्याकडची टोळी अर्ध्याला घेत नसे. मी नववीत असताना वडील वारले आणि माय अर्धी झाली.

"पोरगी हाय की जोडीला," टोळी नेणारा मुकादम आमच्या ओट्यावर बसून म्हणाला. मी एका पायावर तयार होते. शाळेतलं गणित सुटणार होतं, शिवाय ट्रकवर बसून मुलूख बघायला मिळणार होता. माय खाली मान घालून बसली.

तेवढ्यात आत्या पदराला हात पुसत बाहेर आली. नवऱ्यानं टाकलेली, आमच्याकडेच राहायची. शाळेत खिचडी शिजवायचं काम तिला नुकतंच लागलं होतं. बाईमाणसाला गाव न सोडता मिळणारं एवढं एकच काम, आणि त्यासाठी तिनं वर्षभर उंबरे झिजवले होते.

"पोरीला काहून नेऊन राहिले? मी येते. मी तोडते, वहिनी बांधंल."

"बायाबायांचा कोयता असतो व्हय?" मुकादम हसला.

"उसाच्या फडात चला, मंग हसा."

त्या गेल्या, मी आजोबांजवळ राहिले. निघताना मी आत्याकडे पाहिलंसुद्धा नाही, इतकी चिडले होते. खिचडीचं काम महिन्याभरात दुसरीला मिळालं. माझी बारावी होईपर्यंत दोघी दर हंगामाला गेल्या.

आता मी शेजारच्या गावात शिक्षिका आहे. तोडून झालं की मोळ्याही वाहिलेल्या आत्याची मान डावीकडे वळत नाही; हाक मारली की ती अख्खीच वळते. एकदा मी विचारलंच, का गेलीस?

"तुला धाडलं असतं तर तुझ्या बडबडीत तुझ्या मायचं काम झालं असतं का?" म्हणाली आणि शेंगा फोडत बसली. मला रडू आलं, तिला हसू.

यंदा दिवाळीनंतर माझ्या वर्गातली एक हुशार पोरगी यायची बंद झाली. मी घरी गेले. बाप अंथरुणाला खिळलेला, आई बोचकी बांधत होती. मी कायदा सांगितला, वसतिगृह सांगितलं, पोरीचे मार्क सांगितले. आईनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"समदं बराबर हाय, मॅडम. पर माझा कोयता अर्धा ऱ्हातो. तुमी येता का?"

टोमणा नव्हता तो. ती खरंच विचारत होती, आणि पोरगी दारात उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत होती. "मी येते" एवढेच दोन शब्द होते. मला ते म्हणता आले नाहीत.