उलट्या गिअरचं शिलंगण

सुभानराव खुर्चीत बसले की खुर्ची चालू व्हायची. टाइम ऑफिसातल्या साध्या लाकडी खुर्चीवर बूड टेकलं रे टेकलं, की उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटर दाबू लागायचा, हात टेबलावरचा रूळ गिअरसारखा मागेपुढे करायचा आणि तोंडातून चढावरच्या लॉरीचा आवाज निघायचा. कारखान्यातल्या माझ्या पहिल्या दिवशी मी हजेरी लावायला समोर उभा राहिलो, तर म्हणाले, "बाजूला व्हा राव, ब्रेक लागायचा न्हाई." आणि मी मूर्खासारखा खरंच बाजूला झालो.

पिंपरीला औषधांचा कारखाना नुकता सुरू झाला होता तेव्हाची ही गोष्ट. सुभानराव चिंचवड गावातले, मी त्यांच्या शेजारी भाड्याने राहायचो. दुसऱ्या महायुद्धात ते लष्कराची लॉरी चालवत. तिथेच डावा पाय गुडघ्याखाली गेला. सरकारने लाकडी पाय दिला, पण त्या पायाला क्लच काही समजेना, आणि त्यांची गाडी सुटली ती सुटलीच. "पाय गेल्याचं काय न्हाई राव," ते म्हणायचे, "येक शिल्लक हाय. पर स्टेरिंग गेलं, त्येचं लई वाईट वाटतं." असं बोलून झालं की लगेच दुसऱ्या कुणाची तरी टिंगल करायला घ्यायचे. कुणी आपल्याकडे दयेने बघितलेलं त्यांना खपत नसे.

अशात पुण्यातल्या एका शेठजींची अमेरिकन मोटार भंगारात निघाली. तिला क्लचच नव्हता. गिअर आपले आपण बदलायचे म्हणे. ती गिअरपेटी बिघडली आणि एकही मिस्त्री तिला हात लावायला तयार होईना. सुभानरावांनी खिडकीतून आत डोकावून पाहिलं, तर खाली दोनच पेडल. ते जवळजवळ ओरडलेच, "राव, ही तर माझ्या मापानं शिवलीया!"

भंगाराच्या भावात घेऊन, बैलजोडी लावून मोटार चिंचवडला आणली. स्टिअरिंगवर मला बसवलं आणि स्वतः वरातीत चालावं तसे पुढे टकटक चालत राहिले. मी म्हटलं, तुम्हीच बसा ना. तर म्हणाले, "बैलानं वढलेल्या गाडीत बसतो त्यो पाहुणा. डायवर न्हवं." रस्त्यात भेटणारा प्रत्येक माणूस बैलांना पेट्रोल किती लागतं ते विचारत होता.

गिअरपेटी त्यांनी जन्मात कधी उघडली नव्हती. पण त्यांचा एक सिद्धान्त होता: "मशीन आणि भांडण, जसं उसवलं तसं उलटं शिवत जायचं." ओसरीवर गोधडी अंथरली आणि पेटीतून निघेल तो भाग, निघाला त्या क्रमाने तिच्यावर मांडला. दातेरी चाकं, चकत्या, कड्या, स्प्रिंगा. कागदावर काही नाही, जे काही होतं ते गोधडीवर. कोंबड्या डालग्याखाली गेल्या, पापड आमच्या अंगणात आले. खराब चकत्यांऐवजी नव्या मिळाल्या, कुजलेल्या रबरी कड्यांच्या जागी चामड्याच्या कापून घेतल्या. आता फक्त उलटं जोडत जायचं होतं.

आणि खंडेनवमी आली. घरोघर नांगर-कुळव, विळे-कोयते धुऊन पूजा चाललेली. सुभानराव पहिल्या शिफ्टला. त्यांच्या बायकोच्या, पारूवहिनींच्या मनात आलं, सगळ्यांची हत्यारं पुजायची आणि आपल्या धन्याचं तसंच तेलकट ठेवायचं? त्यांनी सगळे भाग रॉकेलमध्ये धुतले, फडक्याने लख्ख केले आणि पाटाभोवती मांडले. बाहेर मोठी चाकं, आत कड्या, मधे स्प्रिंगा. प्रत्येकाला हळदकुंकू, प्रत्येकावर झेंडूचं फूल. आम्ही शिफ्ट संपवून आलो तर ओसरी अशी सजलेली, की मला आधी हात जोडावेसे वाटले.

सुभानराव पायरीवरच थांबले. "पारू," अगदी हळू आवाज, "चाकांची वळ कुठनं सुरू व्हती गं?"

"कसली वळ? म्या फुलावानी मांडलंय."

ते मटकन खाली बसले. त्यांना रडवेलं झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. वहिनींना काय झालं ते कळलं आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. ते बघून सुभानरावांनी एका चाकावरचं फूल उचललं आणि त्यांच्या केसांत खोचलं. "रडू नगंस. पूजा झाल्याबिगर मशीन लागत असतं व्हय?" आणि असे हसत सुटले की डालग्याखालच्या कोंबड्याही ओरडायला लागल्या.

पुढचं वर्षभर सुट्टी म्हणजे गिअरपेटी. झिजलेली बाजू कुठल्या झिजलेल्या बाजूला बसते ते तिघे मिळून हुडकायचो. पेटी बंद केली की हातात हमखास एक कडी उरायची. "अमेरिकेवाल्यांनी वरकड घातली आसंल," म्हणत ते पुन्हा उघडायचे. शेवटी एकदा काहीच उरलं नाही. आम्ही गूळ वाटला. त्यांनी गावात सांगून टाकलं, "यंदा शिलंगणाला गाडीतनं, मी चालवत."

दसऱ्याच्या संध्याकाळी सगळं गाव शीव ओलांडायला निघालं. इंजिन लागलं. गिअरचा दांडा ओढला, गाडी ढिम्म. पुढचा एकही गिअर लागेना. मागचा मात्र झटक्यात लागला आणि मोटार हातभर मागे गेली. जाणती माणसं म्हणाली, राहू द्या, पुढच्या वर्षी बघू.

"शीव वलांडायची हाय ना? आपलं तोंड कुठं हाय ते शिवंला काय करायचं?" सुभानरावांनी मान पार मागे वळवली आणि निघाले. पुढे हलगी, तिच्यामागे मोटारीची पाठ, शेजारी नव्या लुगड्यात वहिनी, आणि मोटारीच्या दिव्यांसमोर अख्खं गाव हसत, पळत, टाळ्या पिटत. एका म्हातारीने इंजिनावरच कुंकू टाकलं. मी इतका हसलो की मला चालता येईना.

चामड्याची एक कडी उलटी बसली होती, ती नंतर सापडली आणि मोटार पुढेही धावली. सुभानराव जाऊनही आता बराच काळ झाला. पण मला त्यांची आठवण येते ती त्या संध्याकाळची. शीव मागे पडली, लोकांनी खिडकीतून आपट्याची पानं दिली, गळाभेटी झाल्या. वहिनींनी दार उघडून एक पाय खाली टाकला.

"उतरा की आता."

सुभानरावांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही हात सुटत नव्हता.

"इंजिन चालू हाय तवर डायवर उतरत नसतो, पारू."

वहिनींनी पाय आत घेतला, दार ओढून घेतलं. "मग नगा करू बंद," त्या म्हणाल्या.