पाणी सारखं होईपर्यंत

सेकंड शिफ्टला निघायच्या आधी घटकाभर पडावं म्हणून मी आडवी होते. झोप लागणार नाही हे ठाऊक असतं. आज लॉकगेटच्या केबिनमध्ये मी पहिल्यांदाच एकटी असणार. इतके महिने पडवळमामा शेजारी उभे राहून शिकवत होते. काल ते रिटायर झाले.

काम सांगायला सोपं आहे. समुद्र आणि गोदी यांच्यामध्ये दोन दारांचा एक लांबलचक हौद आहे. जहाज त्या हौदातून आत येतं. कुठलंही दार उघडायच्या आधी त्याच्या दोन्ही बाजूंचं पाणी सारखं झालेलं हवं. त्याआधी दार हललं तर... मामा हे वाक्य कधी पुरं करायचे नाहीत. मी डोळे मिटून तेच पुरं करत पडते.

भिंतीपलीकडे कुणीतरी नळ सोडतं. पाणी बादलीत पडतंय. आवाज वाढत जातो. मान वळवून बघते तर मोरीचा उंबरठा ओलांडून पाणी घरात येतंय, हिरवट, डिझेलचा वास असलेलं. मला नवल वाटत नाही. भरती आज लवकर आली, एवढंच मनात येतं, आणि मी केबिनच्या काचेतून खाली बघते.

बाहेरच्या दारापलीकडे, समुद्राच्या बाजूला, एका लहानशा होडीत हे उभे आहेत. माझे मिस्टर, भालचंद्र. कावीळ झाली म्हणून चालत हॉस्पिटलात गेले आणि परत आले नाहीत. त्याआधी या केबिनमध्ये तेच असायचे. त्यांच्या जागी मला नोकरी मिळाली.

"वृषाली," ते खालून म्हणतात, पण आवाज अगदी कानाशी येतो. "तू वर काय करतेस?"

"ड्यूटी."

"तुला ऑफिसात घेणार होते ना?"

"घेतलं होतं. हे काम मी मागून घेतलं."

"कशाला?"

"तुम्ही दिवसभर काय बघत बसायचात, ते बघायचं होतं."

ते हसतात. अंगात तोच फिका निळा शर्ट आहे, हॉस्पिटलात जाताना घातलेला. डोळे मात्र पिवळे नाहीत, स्वच्छ आहेत. मला रडू येतंय, पण पाण्यावरून नजर हलवायची सोय नाही.

"दार उघड," ते म्हणतात. "थंडी वाजते इथं."

मी दार उघडायच्या दांड्यावर हात ठेवते. समुद्राचं पाणी हौदापेक्षा पुरुषभर उंच आहे.

"पाणी सारखं झालं नाही अजून."

"मला शिकवतेस?"

"थोडं थांबा ना."

"अजून किती थांबू, वृषाली?"

मी पुन्हा खाली बघते. हौद नाही. हॉस्पिटलचा लांब पॅसेज आहे, भिंतींना शेवाळ धरलंय. त्या टोकाचं दार आता काचेचं झालंय, त्या दिवशीचंच. त्या दिवशी हे आत होते आणि मी बाहेर. वॉचमन म्हणत होता, "ताई, आत सोडता येत नाही." मी काचेला कपाळ टेकून उभी होते. आता हे बाहेरून काचेला कपाळ टेकून उभे आहेत. होडी कुठेच नाही. पाणी त्यांच्या छातीपर्यंत आलंय.

आणि पॅसेजमध्ये, काचेच्या या बाजूला, बाकावर आमची लेक मैथिली बसलीय. पाय हलवत वहीत काहीतरी लिहितेय.

"मैथिली! ऊठ, वर ये!"

ती मान वर करत नाही.

"कोणाला हाक मारतेस?" हे विचारतात. काचेतून त्यांना दिसत नसावं.

"मैथिली बसलीय इथं. दाराच्या समोरच."

"बाजूला हो म्हणावं तिला."

"ऐकत नाही हो. तुमच्यावर गेलीय."

पाणी त्यांच्या गळ्याशी येतं. घरातून निघताना काहीतरी विसरलं की व्हायचा तसा त्यांचा चेहरा होतो.

"मग उघडू नकोस," ते म्हणतात. "मी परत मागेन. मला राहवणार नाही. तरी उघडू नकोस."

"अहो..."

"ऐकलंस ना?"

मी मान हलवते. ते डोळे मिटतात. उघडतात. आणि तितक्याच मायेने, पहिल्यांदाच मागावं तसं, म्हणतात, "वृषाली, दार उघड गं. थंडी वाजते."

दांडा आपोआप पुढे सरकायला लागतो. मी दोन्ही हातांनी मागे ओढते. तो लोखंडाचा लागतच नाही, गरम आहे, निसटू बघतोय. काचेवर त्यांच्या तळहाताची थाप पडते. पुन्हा पडते. "नाही," मी ओरडते, "नाही उघडणार!" आणि पाय रोवून, दात आवळून ओढत राहते.

"आई! सोड ना! आई!"

पंखा. पडद्यातून आलेलं दुपारचं ऊन. मैथिली शाळेतून येऊन युनिफॉर्मवरच माझ्या शेजारी आडवी झालेली. तिचं मनगट माझ्या दोन्ही हातांत.

मी हात सोडते.

"कधीची ओढतेयस," ती म्हणते. डोळ्यांत पाणी आहे, पण रडत नाही. "आणि सारखं नाही, नाही. कोणाला नाही म्हणत होतीस?"

"कामावरचं होतं काहीतरी."

ती माझ्याकडे बघत राहते. मी खोबरेल आणून तिचं मनगट चोळते. तोंडावर पाणी मारते, साडी नेसते, आणि पर्स शोधून निघते.

जिन्यावरून वळून बघते, तर ती दारात उभी राहून टाटा करतेय. वर केलेल्या हातावर माझ्या बोटांचे वळ, लालभडक, इथूनही मोजता येतील असे.