अक्षर हलायची वाट

हे मी लिहीत नाय. फोनला सांगतोय, फोन लिहितोय. अक्षर कुटं चुकलं असलं तर ते फोनचं. बाकीच्या चुका माज्या, आणि त्यातली सगळ्यात मोटी माज्या पोरीला भोवली. तीच सांगायची हाय.

मी शाळेत दोन वर्षं गेलो. वाचायला उभं केलं की मला घाम फुटायचा. एकदा पुस्तक तोंडापुढं धरून मी बोललो, "गुर्जी, ह्या ओळीवर लय ऊन हाय. सावली आली की वाचतो." सगळा वर्ग हसला. गुर्जी पण हसले, बोलले, "बस खाली, नाटक्या." मला वाटलं, सुटलो. मंग दर वेळेला मी काय ना काय बोलायचो, वर्ग हसायचा, मी खाली बसायचो. दोन वर्षं मी असा हसवून हसवून खाली बसलो. मंग बोटीवर गेलो. तिथं वाचायला कोण उभं करत नाय.

बोटीला मासळी कमी मिळायला लागली तसा मी बोईसरला कंपनीत लागलो, गाडीत पिंपं चढवायला. पिंपावर काय लिहिलंय ते मला कळायचं नाय. मी झाकणाच्या रंगावर चालायचो. लाल ह्या गाडीत, निळं त्या गाडीत. एकदा झाकणांचे रंग बदलले आणि मी अख्खी गाडी चुकीची भरली. सुपरवायझर धावत आला.

"अरे चाचा, इतना बड़ा-बड़ा लिखा है, दिखता नहीं?"

"दिखता सब है साहब, बस मेरे से बात नहीं करता."

सगळे हसले, तो पण हसला. मंग आमी सहा जणांनी ती गाडी उन्हात परत रिकामी केली. तेवा कोण हसत नवतं.

बँकेत, दवाखान्यात माजा चष्मा नेहमी घरी राहिलेला असतो. मला चष्माच नाय.

माजी बायको शिरगावची. सातवी शिकलेली. दुपारी मासळीची पाटी घेऊन बोईसरच्या बाजारात बसते, अंधार पडता पडता घरी येते. मला वाचता येत नाय हे तिला लग्नाच्या आठवड्यातच कळलं, पण तिनं ते कुणाला सांगितलं नाय. पोरीला तर नायच. आमाला एकच पोरगी. तिला माज्यासारखं रंगावर चालायला लागू नये, एवढंच मला पायजे होतं. ह्याच्यापुढं मी काय मागितलं नाय.

पोरगी दुसरीत गेली तवा शाळेच्या ग्रुपवर मॅडमचा आवाज आला. मुलांना वाचायला मदत होईल असं फोनवर एक ॲप हाय, फुकट हाय, रोज वीस मिनिटं करून घ्या. फोन अक्षराचा आवाज काढतो, मुलानं बरोबर अक्षर दाबायचं. मंग दोन आवाज जोडायचे, मंग शब्द, मंग गोष्ट. चांगला फोन माज्याकडं एकट्याकडं, आणि संध्याकाळी घरात मी. बायको बोलली, "तुमी नुसतं बाजूला बसा. अडली तर मी आल्यावर बगते."

नुसतं बसायला मला जमलं असतं तर हे सांगायची वेळ आली नसती.

पहिल्या संध्याकाळी पोरगी माज्या मांडीला टेकून बसली. फोनमदे एक कासव, पुढं पाण्यात दगड. बरोबर अक्षर दाबलं की कासव एक दगड पुढं जायचं. फोन बोलला, "म." खाली तीन चौकोन, तिन्हीत अक्षरं. पोरीनं मान वर करून मला विचारलं, "कंचं, पप्पा?"

मी कपाळाला आठी घातली. आठी मला चांगली येते. गप्प बसलो, फोनकडं बगत राहिलो. आणि थोड्या वेळानं मधला चौकोन थरथरला. अगदी थोडा. गळाला मासा लागायच्या आधी पाण्यावरचं बूच हलतं ना, तसा. बारकेपणी खाडीवर मी ते बूच बगण्यात दिवस घालवलेत. माजी नजर तिथं लगेच गेली.

"मधलं," मी बोललो.

तिनं दाबलं. घंटी वाजली, कासव पुढं गेलं, फोन बोलला शाब्बास. आयुष्यात पहिल्यांदा मला अक्षरावरनं कोणीतरी शाब्बास बोललं. मी ते घेतलं. पोरीला द्यायचं होतं, मीच घेतलं.

मंग मी तिला शिकवलं. वाचायला नाय, बगायला. "घाई नको करू, बाय. गप राहा. जे हलेल ते दाब." चार दिवसांत ती माज्या पुढं गेली. मला दिसायच्या आधी तिला दिसायचं. आमची शर्यत लागायची. ती जिंकायची नि माज्या पाठीवर चापटी मारायची. "म्हातारा झाला पप्पा!" मला वाटायचं, पोरगी हुशार हाय. ती हुशारच होती. तिला मी काय दिलं, ते मला दिसत नवतं.

कासव दगड चढत गेलं. एक तळं संपलं, दुसरं आलं. चांदण्यांनी पडद्याचा वरचा कोपरा भरला. एक दिवस फोननं रंगीत कागद दाखवला, त्यावर कासव टोपी घालून उभं. मी तो कंपनीतल्या सगळ्यांना दाखवला, शाळेच्या ग्रुपवर पण टाकला. बायकोनं बाजारात गिऱ्हाइकांना सांगितलं. एकदा तिनं मासळी बांधायच्या पेपरावर बोट ठेवून पोरीला विचारलं, "हे वाच गं." पोरगी पेपराकडं बराच वेळ बगत राहिली, मंग बोलली, "फोनमधली अक्षरं वेगळी असतात, आई."

बायकोनं माज्याकडं बगितलं. मी बोललो, "पेपराला वास येतोय, वाचणार कशी?" ती हसली. माजं हे असं असतं.

मंग शाळेत पालकांना बोलावलं. बायकोचा बाजार होता, मी गेलो. लवकर पोचलो म्हणून वर्गाच्या खिडकीशी थांबलो. आत मॅडमनी फळ्यावर एकच शब्द लिहिला होता आणि माजी पोरगी फळ्यापुढं उभी होती.

हात मागं बांधलेले. मान थोडी पुढं. मला ते उभं राहणं ओळखीचं वाटलं. ती वाट बगत होती. फळ्यावरचं अक्षर हलायची वाट.

मॅडम बोलल्या, "वाच ना गं. फोनवर तर तू वाक्यं वाचतेस."

पोरगी आणखी थांबली. मागं कोणीतरी खुदकन हसलं. तशी ती वळली, कमरेवर हात ठेवला नि बोलली, "मॅडम, अक्षरं अजून झोपलीत. उठली की वाचते."

अख्खा वर्ग हसला. बाकाखाली वाकून वाकून हसला. पोरगी पण हसली आणि ऐटीत जागेवर जाऊन बसली. सुटली.

खिडकीशी उभ्या असलेल्या दोन बाया पण हसल्या. एक मला बोलली, "बापावर गेलीय!" मी हो बोललो. त्या दिवशी मला एवढं एकच खरं बोलता आलं. माज्या तोंडचा जोक माज्या पोरीच्या तोंडून ऐकला, तवा मला पयल्यांदा कळलं की तो ऐकायला कसा लागतो.

सगळे गेल्यावर मॅडमनी मला थांबवलं. तरुण बाई, पालघरवरनं येतात. बोलल्या, "फोनवर ती बरीच पुढे गेल्याचं दिसतं, पण फळ्यावरचा साधा शब्द येत नाही. असं कसं? तिचं फक्त लक्ष नाही, की मी दुसऱ्या कोणाला दाखवू? पुढच्या वर्षी धडे मोठे होतात. आता नाही झालं तर ती मागेच राहील."

माज्या तोंडात जोक तयार होता. चष्म्याचाच. तो मी गिळला.

"तिला काय झालेलं नाय, मॅडम," मी बोललो. "मला वाचता येत नाय. मी तिला हलतं ते दाबायला शिकवलं."

मॅडमना लगेच समजलं नाय. मी फोन काढून दाखवलं, कसं थांबायचं, कसा चौकोन थरथरतो. त्या बगत राहिल्या. मला वाटलं हसतील. हसल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"ती खूण अडलेल्या मुलासाठी असते," त्या हळू बोलल्या. "सगळं पुसा आणि पहिल्या अक्षरापासून चालू करा. तिला सांगून, तिच्यासमोर. नाहीतर तिला वाटेल तिच्यातच काही कमी आहे."

रात्री बायकोला सांगितलं. ती काय बोलली ते फोनला सांगत नाय, फोन लिहून घेईल. शेवटी बोलली, "तुमी चढवलं ना? तुमीच उतरवा. मी हात लावणार नाय."

सुटीच्या दिवशी सकाळी मी पोरीला ओटीवर घेऊन बसलो. बायको दारात सुरमई कापत होती, पाठ आमच्याकडं, कान इकडं. मी बोललो, "बाय, हे सगळं पुसायचं हाय."

"चांदण्या पण?"

"चांदण्या पण."

"मी काय केलं?"

"तू नाय. मी केलं."

पुसायचं म्हंजे मोट्या माणसांच्या पानात जायचं. मॅडमनी खूण दाखवून दिली होती, एक कुलूप. मी कुलूप दाबलं. त्या पानावर कासव नाय, रंग नाय. फोन तिथं बोलत पण नाय. नुसते तीन शब्द लिहिलेले आणि खाली आकडे. आकडे मला येतात, मासळीवाला माणूस मी. पण कंचे आकडे दाबायचे ते शब्दांत लिहिलेलं, म्हंजे बारकी पोरं आत जाऊ नयेत.

म्हंजे ते कुलूप माज्यासारख्यांसाठीच होतं.

आमी दोघं बगत बसलो. सवयीनं. काय हललं नाय. थोड्या वेळानं पान आपोआप मिटलं आणि कासव परत आलं.

"हे हलत नाय, पप्पा."

"नाय हलत. इथं थांबलं की बंद होतं."

"मंग वाच ना तू."

सुरीचा आवाज थांबला. बायकोनं मागं वळून बगितलं नाय.

"मला वाचता येत नाय, बाय," मी बोललो. "आठी घालायचो ना, ती नुसती आठी होती."

ती माज्या तोंडाकडं बगत राहिली. आता मी काय तरी करीन नि ती हसेल, असं तिला वाटत असावं. मी काय केलं नाय. मंग ती पुढं सरकली नि तिनं कुलूप स्वतः दाबलं. परत तीन शब्द. पहिल्यावर बोट ठेवलं. "स... स ला काना. सा." तेवढं तिला वर्गात ऐकून ऐकून येत होतं, फोनमदे कधी लागलंच नवतं. "सा... त." पान मिटलं.

परत उघडलं, तर शब्द दुसरे. ती रडली नाय, चिडली. बोट दाबून दाबून अक्षर फोडायला लागली. "न... हे काय? उसाचं. ऊ. न-ऊ." ती थांबली, मंग ओरडलीच, "नऊ! पप्पा, नऊ दाब!" मी दाबलं. "दो... न." दाबलं. तिसऱ्याला पान मिटलं. किती वेळा मिटलं ते मी मोजलं नाय. ती शब्द सांगायची, मी आकडा दाबायचो, पान मिटायचं. सुरमई कापून झाली तरी बायको दारातनं उठली नाय.

आणि एकदाचं ते उघडलं. आत एक ओळ लिहिलेली, खाली दोन चौकोन. त्यातला एक शब्द बारका होता. तिनं वाचला, "हो." मंग माज्याकडं बगितलं.

"दाबू?"

"तुजं हाय. तू सांग."

तिनं दाबलं. चांदण्या गेल्या. कासव पहिल्या दगडावर आलं, टोपी नसलेलं. तवा ती रडली. बायकोनं हात धुतले, तिला जवळ घेतलं. मला काय बोलली नाय. ती काय बोलत नाय तवा तिचं निम्मं माफ झालेलं असतं.

संध्याकाळी पोरगी आपण होऊन फोन घेऊन आली. "तू पण बस," बोलली. "एक माजं, एक तुजं. पण हललेलं बगायचं नाय." तिनं त्यावर उपाय काढला होता. तीन चौकोन आले की नीट बगायचं, मनात ठरवायचं, त्याच्यावर बोट नुसतं धरायचं, टेकवायचं नाय, आणि डोळे घट्ट मिटायचे. आवाज तोंडानं बोलायचा, मंगच दाबायचं. तिचं बरोबर आलं. घंटी वाजली.

मंग माजी पाळी. फोन बोलला, "म." मी तिन्ही चौकोन बगितले. पिंपं चढवून चढवून जाड झालेलं बोट एकावर धरलं, डोळे मिटले, "म" बोललो आणि दाबलं. घंटी वाजली नाय.

मी डोळे उघडले. आता ही हसणार म्हणून मी आधीच हसायच्या तयारीत होतो. ती हसली नाय. माजं बोट तिनं धरून उचललं, परत पहिल्या चौकोनावर नेलं, आणि बोलली, "परत."