बॉनेटवरचे दोन हात

रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं इंजिनाच्या जोडावर, आणि डोळे मिटलेले. मोताळ्यात बाजाराच्या रस्त्यावरून तुम्ही कधी गेला असाल, तर सायलेन्सरच्या दुकानासमोर असे बसलेले मिस्त्री तुम्हीही पाहिले असतील. धूर कुठून गळतो ते सापडलं की डोळे उघडायचे आणि म्हणायचे, "मानूस खोटं बोलते बाप्पा, पाइप नाई बोलत."

हे वाक्य मी तेव्हा हसून ऐकलं होतं.

बुलढाण्याच्या आमच्या कॉलेजच्या शेडमध्ये एक जुनी पांढरी अँबेसेडर पडून होती. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी आम्ही चौघांनी ती मागून घेतली. तिचा हेडर, म्हणजे इंजिनातला धूर सायलेन्सरकडे नेणारा पाइपांचा भाग, तडकला होता. मी मोबाइलवर शोधून स्वस्तातला एक हेडर मागवला, चार पाइपांचा. सिलेंडर चार, म्हणून पाइप चार. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. माझं काही चुकलं असेल असं मला वाटलंसुद्धा नाही.

गाडी दोर बांधून मोताळ्याला त्यांच्या दुकानात नेली. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं आणि हसता हसता त्यांना ठसका लागला.

"इंजन पाह्यलं होतं काय बे, का नुसता मोबाइलच पाह्यला? सिलेंडर चार हायेत, पन धूर निंघाले भोकं तीनच. मधल्या दोघाईचं एकच दार हाय."

"मग परत पाठवू?"

"राहू दे. कापतो त्याले. पाइप चांगला हाय. डोकं तुह्यं नवं हाय, होईन जुनं."

त्यांनी तो कापला. पाइपात कोरडी वाळू ठासून भरली, दोन्ही तोंडांना लाकडी बुचं ठोकली, आणि पाइप लालभडक करून हळूहळू वाकवला. वाळू कशाला, मी विचारलं.

"रिकाम्या पोटी वाकलं का चपटते बाप्पा. पाइप असो का मानूस."

मग काळा चष्मा न लावताच त्यांनी सगळे जोड वेल्ड केले. साऱ्या तालुक्याच्या गाड्यांखाली ते झोपले होते, पण स्टिअरिंग कधी हातात धरलं नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, "गाडी खालूनच चांगली दिसते."

पहिल्याच दिवशी माझं आडनाव ऐकून त्यांनी 'जय भीम' केला होता, आणि शेजारच्या पंक्चरवाल्याला हाक मारून सांगितलं होतं, "चहा सांग रे. आपला पोरगा इंजिनेर होऊन राह्यला."

प्रदर्शनाच्या दिवशी ते बोलावल्याशिवाय एसटीने बुलढाण्याला आले. इस्त्रीचा शर्ट, खिशातून डोकावणारी रबरी नळी. लांबूनच मोठ्याने म्हणाले, "जय भीम!" मी आजूबाजूला पाहिलं आणि नुसती मान हलवली.

त्यांनी बॉनेट उघडून नळी लावली, जोडांवरून बोटं फिरवली, मला गाडी चालू करायला सांगितली. मग बॉनेट लावून समाधानाने बाजूला उभे राहिले. तेवढ्यात परीक्षक सर आले. वाकून पाहत म्हणाले, "वेल्डिंग सुरेख आहे. कुणाचं?"

"आमच्याच ग्रुपचं, सर."

"आणि हे कोण?"

मिस्त्री माझ्याकडेच पाहत होते. मी म्हणालो, "ड्रायव्हर. गाडी आणायला आले होते."

त्यांनी नळी खिशात नीट आत सारली. मग मिस्त्री म्हणाले, "हाव साहेब. डायवर."

"मग जरा मागे सावलीत घ्या ना गाडी."

मला वाटलं, आता संपलं. मिस्त्रींनी एकदा स्टिअरिंगकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "इंजन तापलं हाय साहेब. ढकलूनच घेतो. बस बे, तू स्टेरिंग धर."

मी आत बसलो. ते पुढे गेले, दोन्ही तळवे बॉनेटवर टेकवले आणि पाय रोवून गाडी मागे रेटू लागले. काचेच्या अलीकडे मी, पलीकडे ते. मानेच्या शिरा ताठ झालेल्या. मला उतरून खरं सांगता आलं असतं. गाडी सावलीत जाईपर्यंत तेवढा वेळ होता. मी आरशात मागे पाहत राहिलो.

जाताना ते एवढंच म्हणाले, "आवाज मस्त निंघाला. येतो."

आम्हाला बक्षीस मिळालं. फोटोच्या आधी बॉनेटवर काजळीचे दोन तळवे उमटलेले दिसले. ते मी रुमालाने पुसले.

महिनाभराने, सगळं सांगायचं असं ठरवून, मोताळ्याला गेलो. दुकानाचं शटर बंद होतं. पंक्चरवाला म्हणाला, "त्याईचे डोये गेले. वेल्डिंगनं. लेक धामनगाव बढ्याले घेऊन गेली. तूच ना तो कालेजवाला? पेपरात आलं तवा लई सांगत होते साऱ्याईले, आपल्या पोराच्या गाडीले बक्षीस भेटलं म्हनून."

धामणगाव बढ्याची बस समोरच उभी होती. तिच्या दारापर्यंत मी गेलो. काय म्हणून सुरुवात करायची ते मनाशी जुळवत राहिलो. कंडक्टरने घंटी दिली, बस निघाली. मग बुलढाण्याची आली. त्या बसमध्ये मी बसलो.